शब्दचर्चा : जोतीराव की ज्योतिराव?

कोरेगावकर :
आमच्या गावच्या वाचनालयाची स्मरणिका निघत असून तिच्यातील जुन्या सभासदांपैकी तिघांची नावे जोतीराव, जोतीराम आणि जोत्याजी अशी आहेत. मुद्रितशोधन करणाऱ्या सरांनी ती ज्योतिराव, ज्योतिराम, ज्योत्याजी अशी बदलली आणि ‘जोती हा निव्वळ उच्चारदोष आहे’ असा शेरा समासात लिहिला. नोंदवहीत मात्र सर्वत्र ‘जोती’च आहे. मूळ रूप कोणते मानावे, आणि विशेषनाम शुद्ध करण्याचा अधिकार शोधकाला असतो का?

मुद्रिताक्षर :
नावाचे मूळ संस्कृत ‘ज्योतिस्’ आहे, याबद्दल दुमत नसावे. पन्हाळ्याजवळच्या वाडी रत्नागिरीच्या ज्या जोतिबा देवावरून हे नाव पडते, त्याला ज्योतिर्लिंग आणि केदारलिंग असेही म्हणतात. तत्सम शब्द एकटा आला की दीर्घान्त लिहायचा आणि समासात पूर्वपदी आला की ऱ्हस्व ठेवायचा, हा साहित्य महामंडळाचा नियम १९६२पासून चालत आला आहे. म्हणून ज्योती, पण ज्योतिराव. ‘जोतीराव’मध्ये ‘य’ गेला आणि ‘ती’ही दीर्घ झाली, म्हणजे एका नावात दोन चुका.

कृष्णाकाठ (वाळवा) :
आपला नियम आपल्याच विरोधात साक्ष देतो. ‘जोती’ हे मराठीत मुरलेले तद्भव रूप मानले, तर समासातही त्याची दीर्घ वेलांटी टिकते आणि एकही चूक उरत नाही. महात्मा फुले स्वतःचे नाव जोतीराव असेच लिहीत. तरीही त्यांच्या नावाच्या पाट्यांवर ‘ज्योतिबा’ रंगवणारे आपण कोण? त्यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण, म्हणजे आपल्याच खटाव तालुक्यातले. ११ एप्रिल १८२७ रोजी, जोतिबाच्या चैत्रातल्या यात्रेच्या सुमारास, जन्म झाला म्हणून हे नाव ठेवले, असे सांगितले जाते. नाव देवावरून ठेवले, शब्दकोशावरून नव्हे.

वसनातीर :
शुद्धलेखनापेक्षा प्रसाराचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. चैत्र यात्रेत पहिल्या मानाची सासनकाठी, म्हणजे देवापुढे नाचवायची उंच सजवलेली काठी, सातारा तालुक्यातल्या पाडळीची असते. तेव्हा देव कोल्हापूरकडचा असला, तरी नाव आपल्या जिल्ह्यात इतके का रुजले, याचे आश्चर्य वाटू नये. कोरेगाव तालुक्यातल्या कण्हेरखेडच्या शिंद्यांचे उदाहरण घ्या. डोंगरावरच्या आजच्या देवळाचे बांधकाम राणोजी शिंद्यांच्या नावे सांगतात आणि त्यांच्या एका मुलाचे, म्हणजे महादजींच्या भावाचे, नाव जोतिबाच होते. सरदाराच्या वाड्यात आणि फुलांचा व्यवसाय करणाऱ्या घरात एकच नाव निःसंकोच चालावे, असे थोड्याच नावांच्या वाट्याला आले. माझ्या चुलत आजोबांना मात्र कागदोपत्री जोतीराम असूनही हयातभर कोणी ‘जोत्या’खेरीज हाक मारली नाही.

माणदेशी :
संस्कृतच्या दारात जाण्याची गरजच काय? आमच्याकडे औताला जोत म्हणतात. जोत धरणारा तो जोती, असे आमचे आजोबा ठामपणे सांगत आणि कुणब्याच्या घरी हीच व्युत्पत्ती शोभते.

मुद्रिताक्षर :
आजोबांविषयी आदर राखून सांगतो, की औताचे ‘जोत’ संस्कृत ‘योक्त्र’वरून आले आहे आणि त्याचा ज दंत्य आहे, दिव्याच्या ‘ज्योत’मधला ज तालव्य आहे. हा फरक लिहून दाखवायला मराठीपाशी ‘ज्य’ एवढेच साधन आहे. तो ‘य’ गाळला की वाचक थेट शेतात पोहोचतो, आणि आपण पोहोचलातच.

कृष्णाकाठ (वाळवा) :
‘य’ जपून पदरात काय पडले, तेही पाहावे. ‘ज्योती’ हे मुलींचे नाव म्हणून रूढ झाले आणि माझ्या मते तेव्हापासूनच मुलाचे नाव तसे ठेवायला आईबाप बिचकू लागले. आता त्याच देवाच्या भक्तीने बारशाला ‘केदार’ निवडतात. देव तोच, पण नावाला शहरी इस्त्री केलेली! जोतीरामच्या नातवाचा केदार झाला, याला मी भक्ती न म्हणता संकोच म्हणेन.

वसनातीर :
हा आरोप अन्यायाचा आहे. ‘केदार’ उपरे नाही. हिमालयातला केदारनाथच करवीरच्या देवीच्या साहाय्याला दक्षिणेत आला, अशी त्या देवाची कथा आहे. आमच्या घरी नातवाचे नाव ठरवताना आजीनेच ‘केदार’ सुचवले होते, कारण ‘चांगभलं’ करताना ती दोन्ही नावे घेत असे.

माणदेशी :
मग माझेही ऐकून घ्यावे. संस्कृतात ‘केदार’ म्हणजे पाण्याखालचे शेत, वाफा. शेतीतून तुमची सुटका नाही.

मुद्रिताक्षर :
शब्दाचा तो अर्थ मान्य आहे. परंतु मुलाचे नाव वाफ्यावरून ठेवलेले एक तरी घर आटपाडीपासून कोरेगावपर्यंत दाखवावे.

माणदेशी :
आटपाडीत वाफा भरण्याइतके पाणी कधी होते, ते आधी विचारा. म्हणूनच आमच्याकडे केदार कमी आणि खरसुंडीच्या सिद्धनाथाचे नाथा आणि शिदू जास्त. त्या ‘शिदू’चे आता ‘सिद्धार्थ’ करणाऱ्यांसाठी मात्र वेगळा धागा काढावा लागेल.