शाळा, पाऊस आणि घरची तयारी : आपापले अनुभव लिहा

मेघना_ठाणे
काल लेकीच्या शाळेतून फॉर्म आला. 'पालक पोचू न शकल्यास पाल्याला कोणाच्या ताब्यात द्यावे?' आणि खाली दोन रिकाम्या ओळी. पेन हातात घेतलं आणि थेट २६ जुलै २००५ आठवला.

मी पाचवीत होते, शाळा कलिन्याला. बसवाले काका म्हणाले, गाडी निघत नाही. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिमी पाऊस झाला हे नंतर कळलं. आम्हाला एवढंच दिसत होतं की पटांगण गेलं, मग पहिली पायरी गेली. लाइट नाही, फोन लागत नाहीत. बाबांनी जूनमध्येच बजावलेलं : पाणी भरलं तर शाळेतून हलायचं नाही, कितीही उशीर झाला तरी आम्हीच न्यायला येऊ. मैत्रिणी "चल, चालत जाऊ" म्हणत होत्या, मी बेंच सोडला नाही. बाईंनी बिस्किटांचे पुडे फोडून वाटले, रात्रभर जाग्या राहिल्या. बाबा सकाळी आले, फोर्टातून चालत, छातीपर्यंत चिखल.

टॉर्च, मेणबत्त्या सगळं हवंच. पण माझ्या मते आधी मुलाला हे पाठ हवं की थांबायचं कुठे आणि न्यायला कोण येणार. तुमच्या घरी काय ठरलेलं असतं?

वाशिष्ठीकाठ
चिपळूण, २२ जुलै २०२१. जास्त लिहवत नाही. पहाटे पाणी घरात, आम्ही माळ्यावर. सासूबाईंनी कागदपत्रं कायम झाकणाच्या डब्यात ठेवलेली, तेवढीच कोरडी राहिली. मुलाची नवी पुस्तकं गेली, कव्हरं घालून आठवडाही झाला नव्हता.
खरा त्रास नंतर. रात्री पाऊस वाढला की तो उठून दाराच्या फटीला हात लावून बघायचा, ओलं आहे का म्हणून. "घाबरू नकोस" म्हणून काही होत नव्हतं. मग त्याला काम दिलं : टॉर्च तुझ्या ताब्यात, सेल तू बघायचे. दर रविवारी सेल काढून पुसून परत घालतो. झोप सुधारली.

निशा कु.
वाशिष्ठीकाठ, वाचून भरून आलं गं. लेकराला खूप प्रेम.

सांगलीची सून
२०१९ ला आमच्याकडे असंच. तेव्हापासून दाराच्या मागे एक सॅक अडकवलेली. आधार-रेशनकार्डाच्या झेरॉक्स, थोडी रोकड (लाइट गेली की एटीएम बंद), सासऱ्यांच्या शुगरच्या गोळ्या, चष्मा, शिट्टी, पॉवर बँक, भडंग. गोळ्यांची तारीख मात्र बघत राहावं लागतं.

आदूचीआई
भडंग 😄 सांगलीकर ते सांगलीकर. रेसिपी द्या ना ताई.

सिस्टर_रत्नागिरी
ड्युटीवर आहे, पटकन लिहिते.
जुलाब : एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. ओआरएसची पाकिटं घरात असली तर उत्तमच.
पुराच्या पाण्यातून चालून आलात, पायाला जखम असेल तर साबणाने धुवा आणि डॉक्टरांना लगेच सांगा. लेप्टोची (घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची) गोळी मनाने घेऊ नका.
साप चावला तर दोरी आवळायची नाही, चिरायचं नाही, मांत्रिक नाही. हात-पाय हलू न देता सरळ दवाखाना, १०८ लावा. आमच्याकडे फुरसं फार. पोरांनी बूट झटकूनच घालायचे.

विदर्भवीर
आमच्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तोवर उन्हाचाच धाक. पण पहिल्या पावसात वीज जास्त घातक. पोट्टे शेतातून शाळेत जातात ना. झाडाखाली उभं राहायचं नाही, हे आमचे गुरुजी पहिल्याच दिवशी घोकून घेतात. मोबाइलवर दामिनी ॲप टाकून ठेवा, आसपास वीज पडत असली तर इशारा येतो.

मेघना_ठाणे
@सिस्टर_रत्नागिरी, खूप आभार. प्रिंट काढून फ्रिजवर लावते.

पमाकाकू
नातीला फोन नंबर पाठ होईना. मग पाढ्यांच्या चालीवर म्हणायला लावला, दोन-दोन आकडे तोडून. आता आंघोळ करताना म्हणते. हल्ली मोठ्यांनाही नंबर पाठ नसतात, सगळे फोनमध्ये. फोन बुडाला की काय करणार? १०९८ (मुलांची हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) पण शिकवलंय.

निप्पॉनमराठी
टोकियोत एदोगावाला राहतो. इथे शाळा एप्रिलला सुरू होते. मुलीच्या खुर्चीला उशीसारखी जाड टोपी अडकवलेली असते, भूकंप झाला की डोक्यावर घ्यायची. पालकांनी मूल ताब्यात घ्यायचीही रंगीत तालीम होते. रांगेत उभं राहून नाव सांगायचं, बाई यादीत बघणार, मगच मूल सोडणार. मेघनाताईंच्या त्या दोन ओळींचा इथे सराव करून घेतात. आपल्याकडे व्हायलाच हवं हे.

उमरग्याचा
३० सप्टेंबर १९९३, पहाटे ४ च्या आत भूकंप. आदल्या दिवशी गणपती बुडवून सगळे दमून झोपलेले. किल्लारीकडची माळवदाची घरं, दगड-मातीचा भार अंगावर. माझे मामा गेले. आज्जी शेवटपर्यंत रात्री दाराला आतून कुलूप लावू द्यायची नाही, नुसती कडी. आमच्या घरात अजून तेच. कपाटं भिंतीला ठोकलेली आहेत आणि पलंगाच्या डोक्याशी जड काही ठेवत नाही.

निशा कु.
@उमरग्याचा 🙏

आदूचीआई
आमची नोकरी दोघांची, आदू साडेबाराला सुटतो. शेजारच्या आजींना किल्ली दिली आहे पण फॉर्मवर त्यांचं नाव चालेल का? नातेवाईकच लागतो म्हणाले ऑफिसात.

पमाकाकू
अगं, चालतं. मुख्याध्यापकांना एक अर्ज द्या, आजींचा फोटो आणि आधारची झेरॉक्स जोडून. आणि आजींना एकदा वर्गशिक्षिकांची भेट घालून दे. चेहरा माहीत असला की गेटवर अडवत नाहीत.

सांगलीची सून
भडंग : अर्धा किलो सांगली चुरमुरे, मूठभर लसूण ठेचून, शेंगदाणे, कढीपत्ता, तिखट-मीठ, थोडी पिठीसाखर. तेलात लसूण लाल होऊ द्यायचा, नाहीतर टिकत नाही. गार झाल्यावरच डब्यात भरा.

आदूचीआई
काकू, ताई, दोघींचे आभार. उद्याच अर्ज देते. चुरमुरे पुण्यात कुठे चांगले मिळतात?