वेळापत्रक सोपं होतं, पण तेवढंच नाही

इंडियाना विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाला २०२४ मध्ये सोपं वेळापत्रक मिळालं म्हणून तो जिंकला, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. ओहायो स्टेटने ३८-१५ असं लोळवलं, प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेरीत, नोटर डेमनेही हरवलं, मान्य. पण आदल्या वर्षी ९ सामने हरलेला संघ प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आल्यावर पहिल्याच हंगामात ११ जिंकतो! त्याआधी या कॉलेजने एका हंगामात १० सामनेही कधी जिंकले नव्हते. सिग्नेटींनी आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातले आपले १३ खेळाडू सोबत आणले, त्यामुळे घडी लगेच बसली. आणि क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, रोर्क! ज्या हाताने चेंडू फेकायचा त्याच हाताच्या अंगठ्यावर शस्त्रक्रिया झाली, तरी एकच सामना बाहेर बसून पोरगा परत मैदानात. मिशिगनला २०-१५ हरवलं तेव्हा तोच खेळत होता.