गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी टपकून रायलं, मिस्त्री म्हणते प्लग मारून देतो, मारू द्यायचा का?

बेलतरोडीचा_रहिवासी

नमस्कार मंडळी. आमच्याकडे 100 लिटरचा गीझर आहे, वरच्या मजल्यावरच्या डक्टमधे, त्याच्यावरूनच दोन बाथरूम आणि किचन चालतात. पाणी बोअरचंच, महापालिकेची लाइन अजून आमच्या गल्लीत आली नाही. दिवाळीच्या आधी शॉवरला प्रेशर नाही म्हणून टाकीखाली प्रेशर पंप बसवला, आणि तेव्हापासून गीझर चालू केला की थंड पाणी आत जाते त्या पाइपावरच्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी सुरू होऊन जाते. खाली डबा ठेवला तं एकदा पूर्ण तापेपर्यंत लिटर-दीड लिटर जमा होते. गीझर बंद असला की काहीच नाही, रात्रभर कोरडा राहते.

काल मिस्त्री आला होता, तो म्हणे व्हॉल्व्ह खराब आहे, नवीन कशाला घेता, एंड प्लग मारून देतो, म्हणजे व्हॉल्व्हचं तोंडच बंद, कायमचं काम होऊन जाईल. मी त्याला थांबवलं, पण घरी सगळे म्हणतात की डक्टमधली भिंत ओली होऊन रायली, लवकर कर. चार वर्षांत याची सर्व्हिसिंग एकदाही केली नाही हेही सांगून टाकतो. काय करू?

शेजारचा_आशू

भाऊ आमच्याकडे तीन वर्षांपासून प्लग मारलेला आहे, काहीच झालं नाही. उगाच पाणी वाया काऊन घालवायचं.

पाइप_आणि_पाना

आशू भाऊ, कृपा करून आजच तो प्लग काढा, आणि काढेपर्यंत गीझर चालू करू नका. मी वीस वर्षं हेच काम करतो, प्लग पाहिला की मी गीझरला हात लावायच्या आधी एमसीबी, म्हणजे बोर्डातला त्याचा मेन स्विच, पाडतो.

आता मूळ प्रश्न. बेलतरोडीवाले दादा, तुमचा व्हॉल्व्ह बहुतेक खराब नाही, तो त्याचं कामच करून रायला. पाणी तापलं की फुगते. थंडीतलं पाणी 60 डिग्रीपर्यंत नेलं की 100 लिटरमागे साधारण दीड लिटर जास्त होते, आणि तुमच्या डब्यात नेमकं तेवढंच जमतंय. हे दीड लिटर कुठंतरी जायला पाहिजे ना, पाणी काही हवेसारखं दबत नाही. आधी तुमच्याकडे टपकत नव्हतं याचं कारण माझ्या अंदाजाने असं, की तुमच्या व्हॉल्व्हमधली एकतर्फी झडप म्हणजे एनआरव्ही बोअरच्या क्षारांनी अडकून उघडीच राहत असेल, मग वाढलेलं पाणी हळूच उलटं वरच्या टाकीकडे सरकायचं. पंपासोबत त्याचा स्वतःचा एनआरव्ही आला, तो रस्ता बंद झाला. एक सांगा, पंप बसवायच्या आधी सकाळी थंड पाण्याचा नळ उघडला की पहिल्यांदा कोमट पाणी यायचं का?

प्लग मारला की काय होते तेही ऐका. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला गीझर बंद करणारा स्विच, नीट असला तरी रोज तापताना गीझरच्या टाकीतलं प्रेशर 8 बारच्याही (बार म्हणजे प्रेशरचं माप) वर जाते (घरगुती गीझरचा व्हॉल्व्ह बहुतेक 8 बारलाच उघडतो), टाकी रोज फुगते, रोज बसते, आतल्या एनॅमलला, म्हणजे काचेसारख्या थराला, बारीक चिरा जातात आणि तिथून गंज धरते. म्हणजे अपघात नाही झाला तरी टाकी मरतेच. आणि थर्मोस्टॅट चिकटला, जास्त तापल्यावर वीज तोडणारा कटआउटही गेला, तं शेवटचा रस्ता हा व्हॉल्व्हच असतो. 8 बारला पाणी 100 नाही, जवळपास 175 डिग्रीला उकळते. असं पाणी टाकी फाटून बाहेर आलं की त्यातलं काही क्षणात वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटीहून जास्त जागा घेते. छत उडते भाऊ. मी हे कोणाला घाबरवायला नाही लिहीत, माझ्याच एका ग्राहकाच्या घरात स्लॅबला पडलेली चीर मी पाहिली आहे, नशिबाने बाथरूममधे कोणी नव्हतं.

बेलतरोडीचा_रहिवासी

दादा, अगदी बरोबर! मागच्या वर्षीपर्यंत डिसेंबरमधे वॉशबेसिनचा थंड नळ उघडला की आधी कोमट पाणी यायचं, आई म्हणायची बरं आहे, हात गारठत नाहीत. आता येत नाही. मग यावर उपाय काय, रोज डबाच रिकामा करत बसायचं का?

पाइप_आणि_पाना

दोन उपाय आहेत, दोन्ही करा. पहिला, व्हॉल्व्हच्या तोंडाला पाइप लावून नाल्यापर्यंत न्या, सीपीव्हीसी (गरम पाण्याचा प्लॅस्टिक पाइप) किंवा तांब्याचा, साधा पीव्हीसी नको, गरम पाण्याने तो नरम पडून वाकते. पाइप सतत उताराला पाहिजे, मधे कॉक नाही, टोकाला टोपी नाही, आणि टोक दिसेल अशा जागी मोकळं. दुसरा, एक्सपान्शन टँक, 8 लिटरचा पुरे, थंड पाण्याच्या पाइपावर व्हॉल्व्ह आणि गीझरच्या मधे. आत रबरी पडदा असते, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी, तापताना वाढलेलं पाणी त्यात जाऊन बसते मग थेंब पडत नाही. हवेचं प्रेशर पंपाच्या प्रेशरएवढं ठेवायचं, पंप 2 बारचा असेल तर 29 पीएसआय (हवेच्या गेजवरचं माप), सायकलच्या गेजने मोजता येते, पण मोजताना पाण्याचं प्रेशर पूर्ण काढलेलं पाहिजे नाही तं गेज खोटं दाखवते. दरवर्षी एकदा हवा तपासा. आणि हवेच्या तोंडातली पिन दाबून पाणी आलं तर पडदा फाटला समजा, टँक बदलावाच लागते.

मनीषनगरची_ताई

दादांनी व्हॉल्व्हचं सांगितलं, मी टाकीचं सांगते, कारण त्यांनी चार वर्षं सर्व्हिस केली नाही हे वाचून मला आमचं आठवलं. आमचा गीझर पाचव्या वर्षी खालून गळायला लागला. कंपनीचा माणूस म्हणाला पाणी खारं आहे, अॅनोड रॉड केव्हाच संपला. तेव्हा पहिल्यांदा कळलं की आत मॅग्नेशियमचा एक रॉड असतो, गंज टाकीऐवजी त्याला खातो, तो संपला की मग टाकीची पाळी. गरम पाणी तांबूस यायला लागलं तर समजायचं की उशीर झाला. थंड पाणी स्वच्छ आणि फक्त गरमच तांबूस असेल तर टाकीकडेच बघायचं.

नवीन घेतल्यापासून मी दर ऑक्टोबरमधे, थंडी सुरू व्हायच्या आधी, हे करून घेतेच. एमसीबी बंद, आधी टेस्टरने पाहायचं, पाणी थंड होऊ द्यायचं, थंड पाण्याचा कॉक बंद, गरम नळ उघडा ठेवायचा म्हणजे हवा आत जाते, आणि खालून पाणी काढायचं. पहिल्या वर्षी ओंजळभर पांढरे खडे निघाले, एलिमेंटवर, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलवर, चुन्याचा थर होता जाड, म्हणूनच तापायला एवढा वेळ लागायचा आणि बिलही वाढत होतं. एलिमेंट लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवला, सकाळी थर हातानेच सुटला. पण टाकीत तेजाब ओतू देऊ नका हो, एका मिस्त्रीने आमच्याकडे तसं सुचवलं होतं. अॅनोडमधली तार दिसायला लागली की बदलायचा, आणि उघडला की गॅस्केट नवीनच टाकायचं, जुनं परत बसवलं की हमखास गळतं.

आणि पाणी भरल्यावर गरम नळातून हवा निघून धार सलग येईपर्यंत स्विच लावू नका, कोरडा एलिमेंट काही मिनिटांत जळतो. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचंच पाणी इतकं तापतं की गीझर मार्चपासून बंद असतो, सहा-सात महिन्यांचं साचलेलं पाणी आत, ते आधी सोडून द्यावं.

खामला_वीजवाला

ताईंनी छान लिहिलं. माझ्याकडून एवढंच, 100 लिटरला 3 किलोवॅटचा एलिमेंट असेल तर 13 अँपिअरच्या आसपास करंट जाते, त्याला एमसीबीपासून वेगळी 4 स्क्वेअर मिलिमीटरची वायर आणि नीट अर्थिंग पाहिजे, आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, घ्याच. एलिमेंटला चीर पडली की करंट थेट शॉवरच्या पाण्यात येते. थर्मोस्टॅट 60 वर ठेवा, 75-80 वर ठेवलं की क्षारही जास्त बसतात आणि लहान मूल भाजते. सोलर वॉटर हीटर असणाऱ्यांनी लक्षात ठेवा, काचेच्या नळ्यांवर साधी टाकी असते तिला हवेचा उभा पाइप असते, ती प्रेशरसाठी बनवलेलीच नसते, तिच्यावर पंप जोडू नका. हल्ली लोक शॉवरसाठी पंप लावतात आणि सोलर आहे हे विसरूनच जातात.

शेजारचा_आशू

पाना दादा, तुमचं वाचून घरी गेलो आणि एमसीबी पाडला. आज प्लग काढला, नवीन व्हॉल्व्ह बसवला. जुन्या प्लगच्या आट्यांमधे पूर्ण चुना होता. धन्यवाद.

बेलतरोडीचा_रहिवासी

रविवारी सगळं करून घेतलं. अॅनोडची फक्त तार उरली होती, वेटोळी झालेली. खालून अर्धी बादली खडे आणि गाळ निघाला. पंप 2.2 बारचा निघाला म्हणून टँकमधे 32 पीएसआय हवा भरली. पाइप खालच्या नाल्यावर मोकळा सोडला आहे. आज सकाळी तापताना मी पूर्ण वेळ तिथेच उभा होतो, एक थेंब नाही. व्हॉल्व्हचा खटका उचलून पाहिला, पाणी जोरात आलं आणि सोडल्यावर लगेच बंद झालं. दर सहा महिन्यांनी असा उचलून पाहायचा एवढंच ना दादा?

पाइप_आणि_पाना

हो. उचलल्यावर पाणी आलंच नाही, किंवा सोडल्यावर टपकतच राहिलं, तं बदला.