मदत हवी आहे: तळघरात पाणी येतंय, कोणतं केमिकल लावू?

चौफुला
घराखाली दहा बाय चौदाचं तळघर आहे, उंची साडेसहा फूट. त्यात पाणी येतंय. आतून दोनदा वॉटरप्रूफिंग केलं, सहा महिन्यांत पोपडे निघाले. पुढच्या आठवड्यात सुताची बाचकी यायची आहेत आणि ठेवायला दुसरी जागा नाही. फक्त केमिकलचं नाव सांगा, बाकी मिस्त्री बघतो. लवकर सांगा.

पायाभरणी
नुसत्या नावाने काम होणार नाही. भिंत कशाची आहे? दगड-माती, दगड-चुना, वीट की काँक्रीट? पाणी भिंतीतून पाझरतं, फरशीतून वर येतं, की दोन्ही मिळतात त्या सांध्यातून? पावसातच येतं की उन्हाळ्यातही? भोवतीची जमीन काळी की मुरमाड?

बाराबंदी
क्रिस्टलाइन कोट लावा. सिमेंटसारखी पावडर असते. पाण्यात कालवून ओल्या भिंतीवर ब्रशने दोन हात मारायचे. आत शिरून स्फटिक बनतात आणि छिद्रं बुजतात. वरून लावलेल्या रंगासारखे याचे पोपडे निघत नाहीत.

चौफुला
भिंत जुन्या दगडाची, मातीत बांधलेली. सोलापूरच्या पूर्व भागातलं घर आहे. पाणी एका कोपऱ्यातून येतं, खाली सांध्यातून. जमीन काळी. म्हणजे क्रिस्टलाइन घेऊ का? किती किलो लागेल?

पायाभरणी
घेऊ नका. क्रिस्टलाइनला काँक्रीटमधला चुना लागतो, त्याच्याशी संयोग होऊनच स्फटिक वाढतात. मातीत बांधलेल्या दगडात ते होत नाही, पैसे वाया जातील. पोपडे का निघतात तेही समजून घ्या. पाणी भिंतीच्या मागे आहे आणि तुम्ही लेप पुढून लावताय. भिंतीमागे तीन फूट पाणी साठलं तर बुडाशी चौरस मीटरला जवळपास 900 किलोचा रेटा बसतो. शिवाय पाण्याबरोबर क्षार येतात, लेपामागे सुकून फुगतात आणि लेप उचलतात. भिंतीला पांढरा लोणा दिसत असेल, बघा.

माळवदी
आत काही करण्याआधी बाहेर बघा. छतावरचा डाउनटेक, म्हणजे छताचं पाणी खाली आणणारा पाइप, कुठे सुटतो? हजार चौरस फुटांच्या छतावर 50 मिलिमीटर पाऊस पडला की साधारण 4,600 लिटर पाणी होतं. ते भिंतीच्या बुडाशी पडत असेल तर कुठलाच लेप टिकणार नाही. पाइप वाढवून पाणी गटारीपर्यंत न्या.

काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीलगत हात जाईल एवढी भेग पडते. परतीचा पाऊस त्याच भेगेतून सरळ पायाशी उतरतो. भिंतीलगतची काळी माती दीड फूट खोल, तीन फूट रुंद काढा आणि मुरूम पाणी मारून थराथराने धुमसा. त्यावर बाहेरच्या बाजूला उताराचं काँक्रीट घाला, तीन फुटांत किमान एक इंच उतार. भिंत आणि काँक्रीट जोडू नका. मध्ये अर्धा इंच फट सोडून ती डांबरी सीलंटने भरा, नाहीतर माती फुगली की काँक्रीट उचलून तडकेल. आणि सगळी लांबी एकदम उकरू नका, चार-पाच फुटांचे तुकडे करा. दगड-मातीच्या भिंतीचा आधार काढला तर ती बसेल.

थेंबथेंब
छताचं पाणी गटारीत सोडणं चुकीचं आहे. सोलापुरात पाण्याची एवढी ओढ असताना घराशेजारी शोषखड्डा घ्या, बोअरला फायदा होईल.

माळवदी
तळघराशेजारी शोषखड्डा म्हणजे भिंतीमागे मुद्दाम पाणी साठवणं. खाली कठीण खडक लागला की पाणी त्यावर थांबून आडवं सरकतं आणि आधी तळघर गाठतं. खड्डा घ्यायचाच तर घरापासून पंधरा-वीस फूट लांब आणि उताराच्या बाजूला.

रहाटगाडगं
पाणी अडवण्यापेक्षा वाट द्या. सांध्यालगत आतून फूटभर रुंद चर घ्या, पण पायाच्या तळाखाली जाऊ नका. चार इंची, भोकं पाडलेला पाइप भोकं खाली करून टाका, भोवती जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) आणि 20 मिलिमीटर खडी. शंभरात एक उतार देऊन कोपऱ्यात दोन बाय दोन बाय तीन फुटांचा खड्डा, त्यात फ्लोटचा, म्हणजे पाणी वाढलं की आपोआप सुरू होणारा, ड्रेनेज पंप. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह विसरू नका, नाहीतर पंप थांबला की पाइपमधलं पाणी परत खड्ड्यात येतं. पंप इन्व्हर्टरवर घ्या, कारण नेमकी पावसातच लाइट जाते.

पायाभरणी
हे खात्रीचं काम आहे, पण आठवड्यात होणार नाही. @चौफुला, उन्हाळ्याचं उत्तर राहिलं. आणि हौद कुठे आहे?

चौफुला
हौद आहेच की, सगळ्यांकडे असतो. त्याच कोपऱ्याच्या पलीकडे, तळघराच्या भिंतीला लागून. विटांचा, आतून सिमेंटचा गिलावा. उन्हाळ्यातही ओल असते, पण कमी. दोन-तीन दिवस ओल, मग सुकतं, परत ओल.

पायाभरणी
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं. ओल त्याच फेऱ्याने येतेय का बघा. आज हौद भरा, नळाचा व्हॉल्व्ह आणि पंप बंद करा, पातळीवर खिळ्याने खूण करून झाकण लावा. 24 तासांनी मोजा.

थेंबथेंब
पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरनेही कळेल. पाझर नळाच्या पाण्याइतकाच गोड निघाला तर हौदच.

पायाभरणी
गोड निघाला तर हो. खारट निघाला तर काहीच सिद्ध होत नाही, लोणा लागलेल्या भिंतीतून येताना क्षार विरघळतातच.

हळदकुंकू
हौदात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायला विसरू नका. 1,000 लिटरला अडीच ग्रॅम, आधी बादलीत कालवून निवळी टाकायची आणि अर्धा तास थांबायचं.

चौफुला
सव्वा इंच उतरलं. हौद आठ बाय पाच आहे.

रहाटगाडगं
म्हणजे दिवसाला साधारण 118 लिटर. तळघर ओलं करायला पुष्कळ झालं.

पायाभरणी
अजून भरू नका. पातळी उतरत उतरत कुठे थांबते ते बघा, गळती त्या उंचीवर असते. तळापर्यंत उतरली तर तळ आणि भिंतीचा सांधा गेलाय. मग हौद रिकामा करा. झाकण उघडून हवा खेळू द्या, कोणी एकट्याने उतरू नये, आत पेट्रोलचा पंप चालवू नये. सांध्यात पाऊण इंचाची खाच कोरून पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल) भरा आणि कोपऱ्याला दोन इंची वाटा, म्हणजे गोलाई, मारा. पोकळ वाजणारा गिलावा काढून नवा करा आणि तो पुरता पिकू द्या. मग पिण्याच्या पाण्याला चालणारा अॅक्रिलिक-सिमेंटचा लेप, एक हात आडवा, वाळल्यावर दुसरा उभा. त्यानंतर सात दिवस पाणी भरू नका.

चौफुला
एवढे दिवस हौद रिकामा ठेवून घर कसं चालवायचं? आणि सूत?

माळवदी
छतावरची टाकी आणि दोन-तीन ड्रम भरून घ्या, मधल्या पाळीला नळाची नळी थेट त्यात सोडा. सूत लगेच तळघरात नको. भिंत दगड-मातीची आहे, गळती थांबल्यावरही सुकायला महिना-दोन महिने लागतील. फरशीवर दीड फूट चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा. 24 तासांनी खाली दव दिसलं तर जमिनीतून अजून ओल येतेय. कोरडं निघाल्यावरच बाचकी उतरवा, तीसुद्धा सहा इंच उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून फूटभर लांब. डाउनटेकचं अजून सांगितलं नाहीत.

चौफुला
तो हौदाशेजारीच सुटतो. आज पाइप वाढवतो.