जुन्या ट्रॅव्हलरमध्ये प्लायवुडची जमीन बसवण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. साताऱ्यात जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर व्हॅन (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) करत असून, सीट काढल्यावर उघड्या पडलेल्या पन्हळी पत्र्यावर १२ मिलिमीटरचे आयएस ७१० (मरीन प्लायचे भारतीय मानक) मार्क असलेले मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारे प्लायवुड, बसवायचे ठरवले आहे. सुतार दर फुटावर स्क्रू मारा म्हणतात. परंतु खाली डिझेलची टाकी व ब्रेकचे पाइप आहेत, शिवाय पत्र्याला पडलेले प्रत्येक भोक महाबळेश्वरकडच्या पावसात गंजाला आमंत्रणच ठरेल, म्हणून मला ते पटत नाही. केवळ पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटवर, म्हणजे लवचीक चिकटद्रव्यावर, चिकटवलेले प्लाय घाटातले हादरे सोसते का? पन्हळींच्या खाचांत एक्सपीएस फोमच्या (उष्णता रोखणाऱ्या कडक फोमच्या) पट्ट्या भराव्यात की त्या मोकळ्या ठेवाव्यात? प्लायच्या कापलेल्या कडांना पाणी शिरू नये म्हणून इपॉक्सी रेझिनचे किती हात द्यावेत? अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.