मदत हवी आहे: लस दिलेली कालवड तपासणीत पॉझिटिव्ह आली, विकायची का?

नमस्कार. आम्ही कळमेश्वरजवळचे, गोठ्यात नऊ जनावरं. गेल्या पावसाळ्यात पंधरा दिवसांच्या फरकानं दोन गायी गाभडल्या, दोन्ही सातव्या महिन्यात. दुसरीची वार अडकली, ती बाबांनी उघड्या हातांनी काढली. डॉक्टरांनी रक्त तपासून ब्रुसेलोसिस सांगितला, म्हणजे गायी गाभडवणारा, माणसालाही होणारा जंतूचा आजार. त्या दोघी तेव्हापासून वेगळ्या बांधल्या आहेत.

या आजाराच्या लसीच्या वयाची एकटी चंद्री कालवड होती, सहा महिन्यांची. ही लस चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांनाच देतात, तीही आयुष्यात एकदाच. एस-१९ ही जिवंत लस, सुई माणसाला लागली तर माणूसही आजारी पडू शकतो, म्हणून डॉक्टरांनी हातमोजे, चष्मा घालून टोचली.

आता पाच महिन्यांनी एका खासगी ठिकाणी सगळ्या जनावरांची रोझ बंगाल चाचणी (या आजाराची झटपट रक्तचाचणी) केली. मी शेजारीच उभी होते. रक्तजलाचा (सीरमचा) थेंब, त्याला लागून गुलाबी द्रावणाचा थेंब, काडीनं ढवळलं. चार मिनिटांच्या आत चंद्रीचा थेंब दूध नासावं तसा कणाकणांनी फाटला. "पॉझिटिव्ह आहे, बाजारात काढून टाका," एवढंच सांगितलं. लस झाली आहे का, हे कुणी विचारलं नाही.

हे लसीमुळे आलं की आजारामुळे, ते कसं ओळखायचं? आजार असेल तर तो दुसऱ्याच्या गोठ्यात धाडणं माझ्याच्यानं होणार नाही. आणि बाबांना महिनाभर संध्याकाळी कणकण येते, कंबर धरते. याचा संबंध असेल का?

प्रतिसाद

ताई, आधी बाबांचं बघा. संबंध असू शकतो. नागपूरला मेडिकलमध्ये (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात) न्या आणि गाय गाभडली, वार हातानं काढली, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. नाहीतर शोध मलेरिया-टायफॉईडमध्येच अडकतो. ब्रुसेलोसिस निघाला तर औषधं साधारण सहा आठवडे चालतात, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू देऊ नका. घरात कच्चं दूध कुणीही पिऊ नये.

चंद्रीला इतक्यात विकू नका. रोझ बंगाल फक्त अँटिबॉडी, म्हणजे जंतूविरुद्ध शरीरानं रक्तात तयार केलेली प्रथिनं पाहते. एस-१९ आणि आजाराचा जंतू यांचं बाहेरचं आवरण सारखंच असतं, त्यामुळे अँटिबॉडी कुणामुळे आल्या ते या चाचणीत कळत नाही. आरबी-५१ या ब्रुसेलोसिसच्याच दुसऱ्या लसीच्या जंतूवर आवरणाचा तो भाग नसतो, म्हणून तिथं हा घोळ होत नाही. वासरपणी दिलेल्या लसीच्या अँटिबॉडी हळूहळू उतरतात, पाच महिन्यांनी दिसल्या तर नवल नाही.

आता नळीतली चाचणी करून घ्या. रक्तजल पातळ करत नेतात आणि कुठवर प्रतिक्रिया दिसते ते आकड्यात मिळतं. काही आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा करा. आकडा उतरत असेल तर लसीचाच असण्याची शक्यता जास्त, चढत असेल तर आजार धरून चाला. तोवर तिला वेगळी बांधा. नागपुरात सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयात चौकशी करा. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर आणि लसीची तारीख सोबत असू द्या.

पुढे अँटिबॉडी उतरल्या म्हणून लस वाया गेली असं समजू नका. हा जंतू पेशींच्या आत लपतो, त्याच्याशी खरी झुंज शरीराच्या पेशीच देतात. ती ताकद या चाचणीत दिसत नाही.

धागाकर्ती

भाऊ, मनापासून आभार. उद्या सकाळची धार काढून लगेच बाबांना मेडिकलला नेते. चंद्रीच्या बिल्ल्याचा नंबर आताच टॉर्च लावून लिहून घेतला.