ॲरिझोना: बजेट मंजूर, पैसेही आहेत, तरी शाळांना खर्च करता येत नाही?

नवा_फिनिक्सकर: आम्ही नुकतेच इथे आलोय, लेक तिसरीत. कुणीतरी सांगितलं की 2023 ला वर्षाच्या मध्येच शाळांचे पैसे कापायची वेळ आली होती, का तर म्हणे राज्यघटनेतली खर्चमर्यादा. अहो पण बजेट विधिमंडळानेच पास केलेलं ना? मग पैसे द्यायचे आणि वर खर्चू नका म्हणायचं, हा काय प्रकार आहे?

हिशेबी: पैसे वेगळे, खर्चायची परवानगी वेगळी, गोम तिथेच आहे. 1980 ला मतदारांनीच हे घटनेत घातलं. 1979-80 चा खर्च पाया धरायचा, त्याला महागाई आणि विद्यार्थिसंख्या लावून दरवर्षी आकडा काढायचा. शाळांसाठी अख्ख्या राज्याचा मिळून एकच आकडा, त्यामुळे तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टने (म्हणजे तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने) कितीही काटकसर केली तरी एकूण खर्च वर गेला की कात्री सगळ्यांना. विधिमंडळ ही मर्यादा उठवू शकतं, पण दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात आणि तेही त्याच वर्षापुरतं. बजेट साध्या बहुमताने होतं, मर्यादा तशी उठत नाही, मग बसतात घासाघीस करत. 2022 आणि 2023, दोन्ही वेळा फेब्रुवारीत कशीबशी सुटका झाली. 2023 ला जवळपास 1.4 अब्ज डॉलर अडकले होते, आणि जूनमध्ये आर्थिक वर्ष संपतं, म्हणजे उरलेल्या काही महिन्यांत सगळी कपात!

मेसावाली: आणि हे एकदम आत्ताच का उपटलं तेही बघा. 2000 साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रॉप 301 या प्रस्तावाचा शिक्षणासाठीचा सेल्स टॅक्स मतदारांच्याच मंजुरीने मर्यादेबाहेर होता. 2018 मध्ये विधिमंडळाने तो मतदारांकडे न जाता स्वतःच पुढे वाढवला, त्यामुळे 2021 पासून तेच पैसे मर्यादेत मोजायला लागले. त्यात कोविडमध्ये पटसंख्या घसरली. चार्टर शाळांना (सरकारी पैशावर पण डिस्ट्रिक्टबाहेर स्वतंत्र चालणाऱ्या) मात्र हे काहीच लागू नाही, 1980 ला त्या नव्हत्याच.

हिशेबी: हो, ते राहिलंच. कम्युनिटी कॉलेजचं (बारावीनंतरची स्थानिक सरकारी कॉलेजं) गणित अजून वेगळं, तिथे प्रत्येक डिस्ट्रिक्टची आपापली मर्यादा, पूर्णवेळ विद्यार्थी किती भरतात त्यावर. नोकऱ्या भरपूर असल्या की ॲडमिशन कमी, की मर्यादा खाली, पण नर्सिंगची लॅब काय अर्धी बंद करणार का? पाया वाढवायचा तर तिथल्या मतदारांकडे जावं लागतं.

करदाता_एक: सगळे एकाच सुरात बोलताय म्हणून सांगतो, लगाम असावाच. पटसंख्या कमी होत असताना खर्च वाढतोय तर कुणीतरी विचारायला नको?

मेसावाली: विचारा की, पण बजेट पास करताना विचारा. शिक्षकांचे करार होऊन वर्ष निम्मं संपल्यावर काय विचारायचं?